टिपणीस सरांचं नाक

टिपणीस सरांच्या घरी सकाळची फोडणी सर लिफ्टने खाली उतरल्यावरच पडायची. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. ऑफिस एकच, गाडी त्यांची. गाडी थंड करून ठेवायला ते माझ्याआधी खाली जात. मी कुलूप लावेपर्यंत नीलिमावहिनींच्या कढईत मोहरी तडतडलेली असे आणि त्या आतूनच ओरडत, “वैशाली, पटकन सटक गं, नाहीतर माझी लसूण तुझ्या ओढणीतून ह्यांच्या गाडीत जाईल!”

ही धास्ती खोटी नव्हती. सरांनी एकदा मला माझं केसांचं तेल बदलायला लावलं होतं. “राग मानू नकोस,” म्हणाले, “पण तुझ्या जास्वंदीच्या तेलामुळे काल मला अख्खी व्हाइट वाइन जास्वंदीची लागली.”

आमची कंपनी हॉटेलांना बिअर आणि वाइन पुरवणारी. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात खाली गोदाम, वर ऑफिस. मी लेबलं आणि आयातीचे कागद बघते. चिपळूणला सासूबाईंना मी ‘शीतपेयांची कंपनी’ एवढंच सांगितलंय आणि ते खोटं नाही, सगळं थंडच प्यायचं असतं. सर त्या कंपनीचं नाक होते. कंटेनर आला की त्यातला नमुना त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय हॉटेलात जायचा नाही.

असं नाक म्हणजे पोपटासारखं बाकदार असेल, असं कुणालाही वाटेल. सरांचं नाक अगदी मामुली, किंचित बसकंच होतं. त्याच्यासाठी घरादाराने जे सोसलं ते मात्र मामुली नव्हतं. घरात उदबत्ती नाही. साबण बिनवासाचा. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांना उटणं आणि सरांना नुसतं गरम पाणी. डब्यात दहीभात, तोही फोडणीशिवाय. आमचा सेल्सचा मुख्य फादी, लेबनॉनचा, ऊदच्या अत्तरात बुडून यायचा. त्याला टेस्टिंगच्या खोलीत दाराजवळची खुर्ची ठरलेली होती आणि तोही बिचारा निमूटपणे तिथे बसायचा.

टेस्टिंगला उभे राहिले की सर डावा हात पाठीमागे घ्यायचे, ग्लास गोल फिरवायचे, डोळे मिटायचे. एक घोट गिळायचे, बाकीचं सिंकमध्ये ओतायचे. त्यांचे मामा एकदा ठाण्याहून आले होते. ते पाहून म्हणाले, “कायस्थाच्या घरात जन्मून सिंकमध्ये ओततोस? कुठे फेडशील हे पाप?” सर हसले आणि त्यांचं ठरलेलं वाक्य बोलले, “मामा, आधी नाक, मग मत.” हे वाक्य ते सगळ्याच बाबतीत वापरायचे. भाजी घेताना, भाड्याचं घर बघताना, मुलीच्या मैत्रिणींबद्दलसुद्धा.

कुणी बढाई मारू लागला की सर त्याच्यापुढे तीन ग्लास मांडायचे. दोन ग्लासांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. वास घेऊन वेगळा ग्लास ओळखायचा. भले भले गार व्हायचे. घरी हाच खेळ चहाच्या कपांवर चालायचा. त्यांची मुलगी ऋजुता वैतागून म्हणायची, “बाबा, इट्स जस्ट टी!” आणि तरी दरवेळी वेगळा कप बरोबर शोधायची.

त्या नाकाने एकदा आमची बिल्डिंग वाचवली. संध्याकाळी आम्ही दोघं लिफ्टमधून वर जात होतो. मध्येच कुणासाठी तरी दार उघडलं आणि सर ताडकन बाहेर पडले. “गॅस!” मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी कॉरिडॉरमधल्या एकेका दाराला नाक लावलं आणि एक दार बडवायला सुरुवात केली. आत एक फिलिपिनो बाई लेकराला घेऊन झोपली होती आणि शेगडीची नळी तडकलेली होती. तेव्हापासून वॉचमन त्यांना ‘नाकवाले साब’ म्हणून सलाम करायला लागला. त्या दिवशी वर आल्यावर सरांनी पाणी मागितलं आणि ते म्हणाले, “मला वास आला नसता तर गं?” मी म्हटलं, “आला ना! मग झालं तर.”

मग एका थंडीत त्यांना ताप आला. साधाच, चार दिवसांत उतरला. सर कामावर आले आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं, निदान मला तसं वाटलं.

मग मी गावाहून परतले. येताना सोडे आणले होते, सुकवलेली कोळंबी, घट्ट बांधून. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला द्यायचे म्हणून एक पुडी घेतली आणि सरांना विचारून, हजारदा माफी मागून, गाडीच्या डिकीत ठेवली. ती नेमकी त्या दिवशी ऑफिसलाच आली नाही. पुडी डिकीत राहिली, गाडी दिवसभर उन्हात राहिली आणि पुडी फुटली. संध्याकाळी मी दार उघडलं तर आतून असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरले. सर स्टिअरिंगवर बसलेले, काचा बंद, एसी चालू, गाणं गुणगुणत होते.

“बस ना,” ते म्हणाले.

“सर... वास...”

“कसला?”

त्यांनी हे विचारलं आणि लगेच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी नाकाला ओढणी धरली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा भ्यालेला माणूस मी जवळून कधी पाहिला नव्हता. कुणी ऐकत नाही ना, अशा नजरेने त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “आत बस. दार लाव.”

एमिरेट्स रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. त्या घाणीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. “त्या तापापासून गेलाय. कशाचाच येत नाही. जिभेला कडू, गोड, थंड एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाला, येईल परत, इन्शाल्ला. डॉक्टरच इन्शाल्ला म्हणायला लागला की काय समजायचं?” थोड्या वेळाने म्हणाले, “ऋजुताचं बारावीचं वर्ष आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर आणि शाळा. मार्चपर्यंत निभावलं पाहिजे. कुणाला सांगू नकोस.”

मी सांगणार नव्हतेच. पण त्या दिवसापासून मलाही भीतीने धरलं. इथे आपण सगळे एका कागदाच्या आधारावर उभे असतो हे माहीत असतं, पण आपण तिकडे बघत नाही. सरांमुळे मला रोज बघावं लागायला लागलं.

घरात ही गोष्ट फक्त वहिनींना माहीत होती. एकदा त्या खाली गेल्या असताना गॅसवर दूध ठेवलेलं होतं आणि सर शेजारीच टेबलावर पेपर वाचत बसले होते. वहिनी आल्या तेव्हा पातेल्याचा कोळसा झाला होता, खोलीत धूर होता आणि सर पान उलटत होते. धूर दिसल्यावर ते उठले. वहिनी मला म्हणाल्या, “बिल्डिंगचा गॅस हुंगणारा माणूस हा!” त्यानंतर त्यांनी सरांना घरात एकटं ठेवणं बंद केलं. बाहेर पडताना सिलिंडरचा कॉक बंद करायच्या, दाराशी जायच्या, परत येऊन बघायच्या.

सर येता-जाता गुपचूप कशाकशाला नाक लावायचे. हिंगाची डबी, बुटाचं पॉलिश, संत्र्याची साल. एका शुक्रवारी आम्ही सगळे ड्रॅगन मार्टला, चिनी मालाच्या बाजारात, गेलो होतो. तिथे सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान होतं. सर आत शिरले आणि एकेक बरणी उघडून नाकाशी धरू लागले. गुलाब, चंदन, दालचिनी, लिंबू. चिनी मुलगी मोठ्या आशेने मागून फिरत होती, तिला वाटलं चोखंदळ गिऱ्हाईक आहे. एक फळी संपली की सर खालच्या फळीकडे वळायचे. शेवटची बरणी ठेवल्यावर त्यांनी तिला “थँक यू” म्हटलं आणि बाहेर बाकावर येऊन बसले. ऋजुता म्हणाली, “बाबा, यू आर बीइंग सो वीअर्ड.” वहिनींनी तिला सामोसे आणायला पिटाळलं.

ऑफिसात निभावायची युक्ती सरांनीच काढली. नमुने लेबल तपासायला आधी माझ्याकडे यायचे. मी पँट्रीत एक कॅन फोडायची, ग्लासात ओतायची, हुंगायची आणि जिन्यात उभ्या असलेल्या सरांना जाऊन सांगायची. मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, त्यामुळे माझ्याकडे शब्द सगळे स्वयंपाकघरातले. “कोथिंबिरीच्या देठांसारखा. मागून केळ्याचा.”

“केळं कच्चं की पिकलेलं?”

“शिकरणाचं.”

सर मान डोलवायचे. वर जाऊन त्याच शिकरणाचं असं काही इंग्रजी करायचे की फादी टाळी द्यायचा. मला मात्र घाम फुटायचा. माझ्या सर्दीची तर सरांना एवढी दहशत की मी शिंकले तरी ते दचकायचे. गाडीत माझ्यासाठी आल्याच्या वड्या ठेवलेल्या असायच्या. पूर्वी याच गाडीत आल्याला बंदी होती.

मग वेल्सची बिअर आली. सिट्रस पेल एल म्हणे, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या अंगाची हलकी बिअर. बनवणारी एक छोटी, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या मालकीत न गेलेली बिअरची भट्टी, कॅरिस नावाच्या बाईची आणि तिच्या भावाची. पिवळ्या कॅनवर अर्धं कापलेलं फळ, त्याभोवती वेल्श भाषेतली अक्षरं. अक्षरं ओळखीची, पण एक शब्द वाचता येईल तर शपथ. त्यांचा परदेशी जाणारा हा पहिलाच माल होता. त्यातले काही कॅन विमानाने आधीच आले होते आणि ते आमच्या फ्रिजमध्ये होते. बाकीचा कंटेनर जहाजाने आला. आमच्या एजंटाने शहाणपणा करून तो थंड कंटेनरऐवजी साध्या कंटेनरमधून मागवला होता. तो खोर फक्कान बंदरात उतरला आणि कागदांच्या घोळात ऐन उन्हाळ्यात तिथे पडून राहिला.

टेस्टिंगच्या सकाळी मी कंटेनरमधला कॅन फोडला. पहिला वास आला आणि मला माझ्या माहेरचं परसदारच आठवलं. “पपनस!” मी जिन्यात जाऊन सांगितलं. “पपनस सोलताना साल पिळली जाते ना, तो. पण सर, मागून आणखी एक आहे. आपल्या लिफ्टजवळ एसीचं पाणी गळून खोकी भिजतात ना, तसा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा.”

सरांनी कठडा धरला. “नक्की? परत जाऊन बघ.”

मी परत जाऊन आले. पुठ्ठाच होता.

“बिअर उन्हात शिळी झाली की हाच वास येतो,” ते म्हणाले.

“मग आता?”

“फादीने दोन हॉटेलांना शब्द दिलाय. नापास म्हटलं तर तो सिद्ध कर म्हणेल. तीन ग्लास मांडेल.” त्यांचा आवाज एवढा खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. तीन ग्लासांपुढे मी काही त्यांच्या कानात सांगू शकणार नव्हते.

“सर, गप्प बसा,” मी म्हटलं. “पास करून टाका. ऋजुताची परीक्षा होऊ दे. शिळी बिअर पिऊन कुणी मरत नाही.”

“नाही मरत,” सर म्हणाले आणि घामेजलेला हात पँटला पुसून वर गेले. मी कागद घेऊन मागोमाग गेले आणि भिंतीशी उभी राहिले.

समोरच्या पडद्यावर कॅरिस होती. पन्नाशीची, लाल गालांची बाई, कामाचा एप्रन घालूनच बसलेली. मागच्या खिडकीवर पाऊस आपटत होता. तिच्या हातातही तोच पिवळा कॅन होता. टेबलावरची बोलणी इंग्रजीत झाली, मी मला समजली तशी सांगते.

ग्लास भरले. फादीने मोठा घोट घेतला. “हबीबी, ब्यूटिफुल! खलास, ठरलं! वी टेक इट.” दोन सेल्सवाल्यांनी माना डोलवल्या. बिअर बर्फासारखी थंड होती आणि खोलीभर फादीचं ऊद दरवळत होतं. सरांनी डावा हात पाठीमागे घेतला, ग्लास फिरवला, डोळे मिटले. पाठीमागच्या हाताची मूठ घट्ट आवळलेली मला दिसत होती.

“पपनसाची साल,” सर म्हणाले. कॅरिस खुर्चीत पुढे सरकली, तिचे डोळे भरून आले होते. “तेच, अगदी तेच! मिस्टर टिपणीस, मी इतक्या लांब बसलेय, तुमच्या ग्लासातलं मला हुंगता येत नाही. आमचं सगळं तुमच्या नाकावर आहे. तिथे ती कशी पोचलीय, खरं सांगा.”

मी मनात म्हणत होते, पास म्हणा, सर, पास म्हणा.

“शिळी झालीय,” सर म्हणाले. “इथल्या उन्हाने. हॉटेलात पाठवू नका. तुमचं नाव खराब होईल.”

फादी उठलाच. आम्ही सगळे पितोय, आम्हाला कुणाला कसं कळत नाही? त्याने स्वतःच फ्रिजमधला विमानाने आलेला कॅन आणला, पाठ फिरवून तीन ग्लास भरले आणि सरांपुढे मांडले. “यल्ला, चल टिपणीस. कुठला वेगळा, दाखव.”

सर त्या तीन ग्लासांकडे बघत राहिले. पहिला उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुसऱ्याला हात लावला नाही. त्यांचा चेहरा गाडीतल्या त्या संध्याकाळसारखाच झाला होता. मग ते म्हणाले, “मला सांगता येणार नाही. मागच्या थंडीतल्या तापापासून मला वास येत नाही. आधी नाक, मग मत, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो. माझ्याकडे आता नाक नाही. पण ही बिअर शिळी आहे, हे मला नक्की माहीत आहे. तुम्हाला नाक आहे. बाहेर मोकळ्या हवेत जा आणि हुंगा.”

कॅरिसने तोंडावर हात ठेवला होता. फादी तिन्ही ग्लास ट्रेमध्ये घालून बाहेर गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याने कंटेनरमधल्या बिअरचा ग्लास बाजूला काढून सिंकमध्ये ओतला आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

कॅरिसने सगळा माल परत घेतला. पुढे थंड कंटेनरमधून नवा आला, त्यात नुसतं पपनस होतं आणि ते मी सरांना सांगितलं. पण नाक नसलेल्या माणसाला टेस्टिंगच्या जागेवर कोण ठेवणार? फादी वरपर्यंत भांडला आणि ऋजुताची परीक्षा होईपर्यंत त्यांना गोदामाच्या कामावर ठेवायचं एवढं पदरात पडलं. त्यानंतर ठाण्याला परत. ‘तुम्हाला कसं कळलं?’ हे सरांना पुष्कळांनी विचारलं. सरांनी माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.

त्या सबंध काळात समोरच्या घरात सकाळची फोडणी सरांच्या देखत पडायची. वहिनी त्यांना मुद्दाम कढईजवळ उभं करायच्या. दारं उघडी असली की मला ऐकू यायचं. “आला का?” “नाही गं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “आला का?” सरांचा आवाज शांत असायचा. भीती आता वहिनींच्या आवाजात शिरली होती. नोकरीचं काय ते होईल, पण हा माणूस असाच राहिला तर, याची.

निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले. घर रिकामं झालं होतं. खोकी बांधलेली, ऋजुता कानात हेडफोन घालून बॅगेवर बसलेली. स्वयंपाकघरात एक कढई तेवढी उरली होती, ती वॉचमनला द्यायची होती. वहिनी प्रवासासाठी पोहे करत होत्या. तेल तापलं, त्यांनी मोहरी टाकली. ती तडतडली. वहिनींनी हिंगाची डबी उघडून चिमूट घेतली आणि मला काहीतरी सांगायला मान वळवली.

सर पासपोर्टांची पिशवी काखेत धरून दारात उभे होते. वहिनींनी आज विचारलंही नव्हतं. सरांनी डोळे मिटले, डावा हात पाठीमागे घेतला आणि लांब श्वास ओढला.

“वा! हिंग!” ते म्हणाले. “आला गं, नीलिमा. आला वास.”

मला तर अजून नुसत्या मोहरीचाच वास येत होता. हिंगाची चिमूट वहिनींच्या बोटांतच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“बघा, मी म्हणतच होते, येईल म्हणून,” वहिनी म्हणाल्या आणि हिंग हळूच तेलात सोडला.